आरएक्स १०० च्या क्लच कव्हरचा एक स्क्रू डोक्यातून गोल झालाय, केसिंग न फोडता कसा काढू?

मखमलाबादची_आरएक्स

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले एकाच स्क्रूपाशी अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९२ ची, एमएच १५ पासिंग. आमच्या बागेच्या पहिल्या द्राक्षांचे पैसे हातात आले तेव्हा पप्पांनी ती शोरूममधून नवी घेतली. घर पंचवटीत, मळा मखमलाबादच्या पुढे. पंचवीस वर्षं या गाडीने रोज दोन फेऱ्या मारल्या. डबे, खताच्या गोण्या, मजुरांचा चहा, सगळं हिच्यावरच. छाटणीनंतर फवारणीचे दिवस आले की टाकीवर आडवा ठेवलेला बोर्डोचा कॅन, म्हणजे मोरचूद आणि चुना. कॅनचं झाकण उजवीकडे यायचं आणि थेंब थेंब गळायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पप्पांच्या पँटचा उजवा पाय कायम निळा असायचा, आई धुऊन धुऊन थकायची.

गेली सहा-सात वर्षं गाडी पडवीत झाकून उभी होती. पप्पांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत, पण विकायचा विषय निघाला की ते उठून आत जातात. दिवाळीपासून मी तिला हळूहळू उभी करतोय. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, आणि चौथ्या किकला इंजिन चालू झालं. आईसुद्धा बाहेर आली आवाज ऐकून.

अडचण क्लचची आहे. पेठ रोडने सावळघाटात नेली तर तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडतं आणि गाडी काही पुढे सरकत नाही. केबलला ढील बरोबर आहे, गिअर ऑइल बदललं, तरी तेच. म्हणजे क्लचच्या प्लेटा गेल्या. उजवीकडचं कव्हर उघडायला घेतलं. सायलेन्सर, किक, फूटरेस्ट उतरवलं, ऑइल काढलं. कव्हरचे सगळे स्क्रू निघाले, एक सोडून. सगळ्यात खालचा, मागच्या बाजूचा.

आधी घरातला स्टारचा स्क्रूड्रायव्हर लावला. तो वर चढला आणि रिकामा फिरला. दाबून लावला, परत फिरला. डब्ल्यूडी ४० मारून रात्रभर ठेवलं, काही फरक नाही. मग घराजवळच्या एका गॅरेजमध्ये ढकलत नेली. तिथल्या मुलाने बॅटरीच्या मशीनला बिट लावून घोडा दाबला आणि दोन सेकंदांत फुलीचे चारही कोपरे गेले. आता तिथे एक गुळगुळीत वाटी आहे. मला त्या मुलावर राग काढायचा नाही, पण गाडी तशीच ढकलत घरी आणताना पप्पा दारात उभे होते आणि त्यांनी काहीच विचारलं नाही, ते मला फार लागलं.

टॉर्च मारून पाहिलं तर त्या स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरट-हिरवट पूड बसलीय. नखाने खरवडली की मिठासारखी सुटते. बाकीच्या स्क्रूंना अशी पूड नाही.

ड्रिल मारू का? इझी आउट, म्हणजे स्क्रूत भोक पाडून उलटं फिरवायचं ते हत्यार, वापरू का? केसिंगमधले, म्हणजे हे कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या खोक्यातले, आटे गेले तर काय करतात? इंजिन नंबर त्याच केसिंगवर आहे, त्यामुळे दुसरं केसिंग टाकायचा विचारही नको. घाई अजिबात नाही, पण चूक करायची नाही.

कॉलेजरोड_रायडर

भावा, इझी आउटचा सेट घे, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मध्ये भोक पाड, उलटं फिरव, बाहेर. माझ्या गाडीच्या मागच्या मडगार्डचा बोल्ट असाच काढला होता, दहा मिनिटं लागली.

सातपूरचा_फिटर

थांब. इझी आउट आणू नकोस, निदान आज तरी नको.

मी सातपूरला एमआयडीसीत टूलरूममध्ये ३४ वर्षं फिटर होतो, आता घरीच असतो. तुझी गाडी मी पाहिलेली नाही, पण तू लिहिलेल्या दोन गोष्टींवरून काय झालंय ते मला दिसतंय. एक ती पूड, दुसरा पप्पांचा निळा पाय.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तांब्याचं पाणी अॅल्युमिनियमवर साचलं की ते अॅल्युमिनियम खायला लागतं. त्यात स्क्रू लोखंडाचा आणि केसिंग अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की तिथे छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. त्याची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. ती आट्यांच्या फटीत फुगून बसते आणि स्क्रूला चहूकडून आवळते. कॅनमधून उजवीकडे गळलेलं पाणी कव्हरवरून ओघळत शेवटी जिथे थांबेल, तोच तुझा खालचा मागचा स्क्रू. बाकीचे सुटले आणि हाच अडला, ते यामुळे.

आता डोकं का गेलं ते समजून घे, नाहीतर पुढचाही असाच जाईल. आपल्याकडे फुलीच्या सगळ्या स्क्रूंना सरसकट स्टार म्हणतात आणि एकच ड्रायव्हर सगळीकडे चालवतात. पण अमेरिकन फिलिप्सची फुली वेगळी आणि जेआयएसची, म्हणजे जपानी मानकाची, वेगळी. फिलिप्सच्या टोकाला कोपऱ्यांत गोलाई जास्त असते, त्यामुळे जपानी खाचेत तो तळापर्यंत जात नाही, कडांवर टेकून राहतो. जोर लावला की वर चढतो आणि बाहेर येता येता कडा कापून नेतो. तुझे निघालेले स्क्रू हातात घे आणि फुलीच्या शेजारी एखादं बारीक टिंब, सुईने टोचल्यासारखा खड्डा दिसतो का बघ. दिसला तर तो जेआयएस. टिंब नसलं तरी जुन्या जपानी इंजिनाला जेआयएसच धरून चालायचं.

दुसरी चूक नंबराची. घराघरात असतो तो २ नंबर. कार्बोरेटरच्या बारीक स्क्रूंना तो ठीक. कव्हरचे स्क्रू ६ मिलिमीटरचे, त्यांना ३ नंबर लागतो. त्याचं टोक जाड असतं आणि खाच पूर्ण भरतं. व्हेसल म्हणून जपानी कंपनीचे जेआयएस ड्रायव्हर मिळतात, एक ३ नंबर घेऊन ठेव, आयुष्यभर पुरेल. मिळेपर्यंत ३ नंबर फिलिप्सचं टोक ग्राइंडरवर केसभर सपाट केलंस तरी तो खाचेत खोल बसतो.

आता खरी गोष्ट. आवळलेला स्क्रू दोन जागी धरलेला असतो. एक डोक्याखाली, जिथे डोकं कव्हरवर दाबून बसलंय, आणि दुसरी आट्यांत. आपल्याला वाटतं सगळी पकड आट्यांची. तसं नसतं. नवाकोरा बोल्ट आवळतानासुद्धा हाताच्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के प्रत्यक्ष ताण द्यायला उरतो. म्हणून डोक्याखालची पकड मोडली की अर्धी लढाई जिंकली. पुढे जे सांगतो ते सगळं त्यासाठीच आहे.

आधी सपाट तोंडाचा जाड पंच घे, डोक्यावर सरळ उभा धर आणि अर्ध्या किलोच्या हातोडीने सात-आठ ठोके दे. घण घातल्यासारखे नाही, टणटण वाजतील असे. डोक्याखालची पूड तडकते. शिवाय खाचेच्या कडा किंचित आत दबतात आणि ड्रायव्हरला धरायला पुन्हा काहीतरी मिळतं.

मग उष्णता. टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेव. गॅसची ज्योत अजिबात नको, हीट गन वापर. स्क्रूच्या आजूबाजूचं केसिंग तापव. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडाला की थांब, त्यापुढे गेलास तर ऑइल सीलचं रबर जाईल. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तरीही ६ मिलिमीटरच्या भोकात १०० अंशांनी पडणारा फरक ६-७ मायक्रॉनचाच, म्हणजे केसाच्या दहाव्या भागाएवढा. पण ती पूड ठिसूळ असते, तेवढ्याने तिला चिरा जातात. तापलेल्या केसिंगवर डब्ल्यूडी ४० चा फवारा मारू नकोस, पेट घेईल. हात लावता येईल इतकं निवलं की पातळ तेलाचे दोन थेंब कडेने सोड. थंड होताना ते आत ओढलं जातं. हे तीन वेळा कर, मध्ये चहा पी.

त्यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीचा नाही, हातोडीने ठोकायचा. जाड दंडगोल असतो, आत तिरकी खाच असते. वरून ठोका बसला की बिट खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. स्क्रूड्रायव्हर वर चढायला बघतो, हा त्याला खाली रेटतो, सगळी करामत त्यात आहे. बाण डावीकडे फिरवून ठेव, नाहीतर आणखी आवळशील. बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लाव, तिच्यातले बारीक खडे पकड देतात. गाडी मधल्या स्टँडवर, आणि पलीकडून कोणीतरी धरलेली हवी.

एवढं करूनही नाही हलला तर डोकं उडवायचं. पण आधी हे करून मग सांग.

अंबड_स्पार्क

काकांनी सगळं नीट सांगितलंय. मी फक्त इझी आउटबद्दल लिहिते, कारण त्याचे परिणाम माझ्याकडे येतात.

अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, स्पार्क मशीन आहे. मुख्य काम डायचं, म्हणजे साच्यांचं, पण अधूनमधून कोणीतरी पिशवीत गुंडाळलेलं केसिंग घेऊन येतं. आत स्क्रू तुटलेला, आणि स्क्रूच्या आत इझी आउट तुटलेलं. ६ मिलिमीटरच्या स्क्रूत जाणारं इझी आउट काडीएवढं असतं. ते कडक असतं म्हणून ठिसूळही असतं. वर ते निमुळतं. जसजसं आत जातं तसतसं स्क्रूला आतून पसरवतं, म्हणजे आधीच जाम असलेले आटे आणखी जाम. मडगार्डच्या उघड्या बोल्टला ते चालून जातं, रायडरदादांचं तिथे बरोबर आहे. पूड धरलेल्या अॅल्युमिनियममध्ये चालत नाही.

तुटल्यावर खरी अडचण सुरू होते. साधं ड्रिल त्या कडक तुकड्यावरून घसरतं आणि शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरतं. मग भोक वाकडं. आमच्याकडे तांब्याचा इलेक्ट्रोड लावून ठिणगी ठिणगीने तो तुकडा खाऊन काढतो. त्यासाठी केसिंग तेलाच्या टाकीत बुडवावं लागतं, म्हणजे अख्खं इंजिन उतरवून, खोलून आणायला लागतं. गेल्या पावसाळ्यात एक काका जुन्या गाडीचं केसिंग घेऊन आले होते. हातात देताना दोनदा म्हणाले, "जपून हं ताई." भोक आधीच तिरकं गेलेलं होतं. तुकडा निघाला, पण जागा सरळ करून हेलिकॉइल घालावं लागलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आटे गेले तर केसिंग जात नाही. ६ च्या हेलिकॉइलसाठी साधारण ६.३ चं ड्रिल, त्याचा खास टॅप, आणि आत स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. नीट बसलं तर मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं. म्हणून घाबरून चुकीचं काही करू नका.

मखमलाबादची_आरएक्स

काका, टिंब आहे! निघालेल्या स्क्रूंवर खरोखर सुईच्या टोकाएवढा खड्डा आहे. इतकी वर्षं हे स्क्रू डोळ्यांसमोर होते, कधी दिसलं नाही. पप्पांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून तीन-चार स्क्रूंवर बघितलं.

पंचचे ठोके दिले. हीट गन मित्राकडून आणली, तीन वेळा तापवून तेल सोडलं. ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला, ३ नंबरचं बिट, टोकाला पेस्ट. दुसऱ्या ठोक्याला बिटने कच्चकन धरलं आणि हाताला जाणवलं की स्क्रू केसभर हलला. मग परत सुटलं. वाटीच आहे ती, धरायला काही उरलेलंच नाही. त्यानंतर पाच-सहा ठोके वाया गेले तेव्हा थांबलो.

आता डोकं उडवायचं म्हणता तर ते कसं ते सविस्तर सांगा. माझ्याकडे साधी हातातली ड्रिल मशीन आहे. कव्हरमध्ये खोल गेलो तर, ही एकच भीती आहे.

नाशिकरोडचा_घड्याळजी

मध्येच बोलतो. आमच्या धंद्यात पितळेच्या प्लेटमध्ये लोखंडी स्क्रू तुटला तर प्लेट तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. तुरटी लोखंड खाते, पितळेला काही करत नाही. इथे चालेल का?

सातपूरचा_फिटर

घड्याळजी, युक्ती पक्की आहे, मीही पाहिलीय. पण तुमची प्लेट वाटीत मावते. इथे अख्खं केसिंग तासन्‌तास गरम पाण्यात बुडवायला लागेल, आणि आत क्रँक, बेअरिंगा, गिअर सगळं लोखंडच आहे. इंजिन पूर्ण रिकामं केलेलं असतं तर विचार केला असता.

मळेकरी, आता तुझं. हलला म्हणतोस ना, मग काम झालंय असं समज. पूड तडकलीय, उरलाय तो डोक्याखालचा दाब.

काढलेल्यातला एक स्क्रू घे आणि कॅलिपरने डोक्याची उंची मोज. ४ मिलिमीटरच्या आतबाहेर येईल. तेवढ्या अंतरावर ड्रिल बिटला चिकटपट्टीचे दोन वेढे मार. पट्टी डोक्याला टेकली की थांबायचं, तुझी भीती इथेच संपते. तुला वाटी झाल्याचं दुःख आहे, पण ड्रिलला ती सोयीची आहे, टोक आपोआप मध्यावर बसेल. तरी सेंटर पंचचा एक ठोका दे.

आधी ३ चं बिट, मग ५ चं, शेवटी ६ चं. मशीन हळू. स्क्रू नरम लोखंडाचा आहे, धार चांगली असेल तर लोण्यासारखा कापला जाईल. बिट नवीन घे, बोथट बिट कापत नाही, नुसतं घासून तापवतं. दर पाच सेकंदांनी तेलाचा थेंब. मशीन कव्हरला अगदी काटकोनात धर. पप्पांना बाजूला खुर्चीवर बसव आणि मशीन तिरकं होतंय का ते त्यांना सांगायला सांग. धरणाऱ्याला ते कळत नाही, कडेने बघणाऱ्याला लगेच कळतं.

६ चं बिट डोक्याच्या तळाशी पोचलं की डोकं दांड्यापासून सुटतं. स्क्रूचा दांडा ६ ला किंचित कमीच असतो आणि कव्हरचं भोक ६ पेक्षा मोठं, म्हणून कव्हरला धक्का लागत नाही. कव्हर बंद असल्याने कीसही आत जात नाही. डोकं निघालं की फुंकर मारून, ब्रशने सगळा कीस साफ कर आणि मगच कव्हर उघड. कव्हर जागेवर धरणाऱ्या दोन डॉवेल पिना, म्हणजे खुंट्या, असतात, त्यामुळे कव्हर सरळ बाहेर ओढायचं, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत. पॅकिंगच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस, तिथे ओरखडा पडला की जन्मभर ऑइल पाझरेल.

कव्हर निघाल्यावर उरलेला दांडा कव्हरच्या जाडीएवढा बाहेर उभा दिसेल. क्लचवर फडकं टाक, व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, दांडा मुळाशी घट्ट धर. एकदम उलटा पिळू नकोस. थोडा सुलट, थोडा उलट, थोडा सुलट, थोडा उलट. पाव आटा मिळाला की तेल सोड. तो दांडा तुटला तर सगळी मेहनत वाया, म्हणून इथे सगळ्यात जास्त धीर धर. जाम वाटला तर परत हीट गन.

आणि एक पुठ्ठा घे. त्यावर कव्हरचा आकार काढ आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेव. सगळ्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू उथळ भोकात गेला तर तळाला टेकून केसिंग फोडतो, आखूड खोल भोकात गेला तर दोन आट्यांवर सगळा भार येतो आणि आटे उपटतात.

मखमलाबादची_आरएक्स

निघाला!

रविवारी सकाळी उन्हात घेतलं काम. पप्पा खुर्चीवर, एका हातात टॉर्च. "वर, वर जातंय... आता बरोबर," असं सांगत होते. ३ चं झालं, ५ चं झालं. ६ चं लावल्यावर आधी चांगले लांब, चकचकीत वेढे निघत होते, मग एकदम आवाज बदलला आणि स्क्रूचं डोकं अंगठीसारखं बिटवर चढून गरगर फिरायला लागलं. कव्हरवर ओरखडासुद्धा नाही. मी मशीन बंद करून दोन मिनिटं नुसता बसलो.

कव्हर लाकडी हातोडीने सुटलं. दांडा बोटाच्या दोन पेरांएवढा बाहेर उभा होता. व्हाइस ग्रिप लावून सुलट-उलट सुरू केलं. पहिल्यांदा काहीच नाही. एकदा तापवलं, तेल सोडलं. मग कुरकुरत पाव वेढा. परत मागे. अर्धा वेढा. आणि एक पूर्ण वेढा झाल्यावर व्हाइस ग्रिप काढून टाकली, उरलेला बोटांनी फिरवून काढला. चार दिवस हातोड्या खाल्लेला स्क्रू शेवटी बोटांनी निघाला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

त्याच्या आट्यांत ती पूड भरलेली होती. वरच्या आट्यांत पांढरी, आणि अगदी मुळाशी फिकट निळसर-हिरवी. पप्पांनी तो तुकडा हातात घेतला, अंगठ्याने पूड चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "बोर्डोच आहे ना." मग बराच वेळ तो तुकडा हातातच होता. त्या कॅनला नीट झाकण घ्यायला हवं होतं, असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, पप्पा, त्या कॅननेच तर बाग वाचली दर वर्षी केवडा रोगापासून.

६ चा टॅप ग्रीस लावून हाताने फिरवला, पूड आणि काळं तेल निघालं. केसिंगचे आटे शाबूत आहेत, नवा स्क्रू शेवटपर्यंत बोटांनी जातो. अंबडच्या ताई, तुमच्याकडे यायची वेळ आली नाही, पण हेलिकॉइलचं वाचून जो धीर आला त्यामुळे हात थरथरला नाही. मनापासून आभार.

प्लेटा बघितल्या, अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालंय. नवा सेट आणि स्प्रिंगा घेतल्या, प्लेटा रात्रभर गिअर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्यात. आता कव्हर लावताना जुनेच स्क्रू लावू की स्टेनलेसचे अॅलन बोल्ट? दुकानदार स्टेनलेस घ्या म्हणतोय, गंजणार नाही म्हणून.

सातपूरचा_फिटर

शाब्बास रे पोरा. पप्पांना माझा नमस्कार सांग.

अॅलन बोल्ट लावायला हरकत नाही, षटकोनी खाच सहज जात नाही. पण स्टेनलेसबद्दल दुकानदार अर्धंच सांगतोय. स्टेनलेस स्वतः गंजणार नाही, पण शेजारच्या अॅल्युमिनियमला ओलाव्यात तो जास्तच खाऊ शकतो. झिंक प्लेटिंगचे साधे स्टीलचे घे. मूळ स्क्रू चांगले असतील तर मी तेच ठेवले असते, ३ नंबर जेआयएस तुझ्याकडे आता आहेच. काहीही लावलंस तरी आट्यांना अँटीसीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा, पातळ हात दे. नसेल तर साधं ग्रीस.

आवळताना समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत. टॉर्क पान्हा मिळाला तर ८ ते १० न्यूटन मीटर, त्यापुढे नाही. ग्रीस लावलेल्या आट्यांना ८ पुरे. पान्हा नसेल तर ड्रायव्हरची मूठ मनगटाने आवळायची, खांद्याने नाही. आणि त्या खालच्या स्क्रूचं डोकं बसल्यावर कडेने ग्रीसचं बोट फिरव, पाणी आत शिरायला जागाच नको. पावसाळ्याआधी एकदा पुसून परत लाव.

मखमलाबादची_आरएक्स

मूळ स्क्रूच लावले काका, उडालेल्याच्या जागी एक जुनाच त्याच लांबीचा मिळाला, टिंबवाला. पुठ्ठ्यावरून एकेक काढून त्याच्या भोकात, अँटीसीझ लावून, ८ वर. नवं पॅकिंग.

काल पेठ रोडला नेली. सावळघाट तिसऱ्या गिअरला चढली, मागे पप्पा बसले होते. वर पोचल्यावर त्यांनी खाली वाकून त्या स्क्रूकडे बघितलं.

घरी येऊन इंजिनखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवला. आज सकाळी पाहिलं, एक थेंब नाही.